एकशे बारा पानांच्या नोट्स

शनिवार, १६ मार्च २०१३

माझ्या मुलीने, टेसीने, वाढदिवसाला ही वही दिली. युनिव्हर्सिटीत गेल्यापासून ती मला वह्याच देते. पुढेमागे कुणी वाचलीच तर कळावं, म्हणून जरा नीट लिहितो.

आजचा वर्ग फार छान झाला. चर्चच्या हॉलचा हीटर बंद होता, तरी चौदा जण आले, सगळे आपल्याच केरळातले. कोट्टयमजवळच्या शिकवणी कॉलेजात मी एकोणीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. बायकोला, सेलिनला, इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आणि तिच्यामागून मी इंग्लंडमध्ये स्टोकला आलो. आता अकरा वर्षं मी एका वृद्धाश्रमाच्या लॉन्ड्रीत चादरी धुतो. पण शनिवारी दोन ते चार मी पुन्हा कुरियाकोस सर असतो.

ब्रिटनमधलं जीवन आणि कारभार यावर सरकार परीक्षा घेतं. संगणकावर चोवीस प्रश्न, पाऊण तास, अठरा तरी बरोबर हवेत. ती पास झाल्याशिवाय इथं कायमचं राहता येत नाही आणि नागरिकत्वाचा अर्जही करता येत नाही. या परीक्षेच्या माझ्या नोट्स एकशे बारा पानांच्या आहेत. पाच वर्षांत त्यांवर एकतीस जण पास झाले. परीक्षेचं सरकारी पुस्तक वाचायची कुणाला गरज पडली नाही, आमच्याकडे तशी पद्धतच नाही. सरांच्या नोट्स पाठ करायच्या आणि पास व्हायचं.

शेवटी तो शिबू, हॉस्पिटलातला नवा नर्स, म्हणाला, "सर, पंचवीस तारखेपासून पुस्तक बदलतंय म्हणे."

मी म्हटलं, "पुस्तक बदललं म्हणून पार्लमेंटला तिसरं सभागृह फुटणार आहे का?"

सगळे हसले. शिबूचा चेहरा एवढासा झाला. ज्ञान कमी असलं की माणूस आवृत्त्या मोजत बसतो.

एकच गोष्ट खटकली. म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायचं काम करणाऱ्या रोसिलीला मंत्रिमंडळाच्या बैठकीबद्दल विचारलं, तर ती नुसती बघत राहिली. ज्याला उत्तर येत नाही त्याने बरोबर उत्तर देईपर्यंत उभं राहायचं, हा माझा जुना नियम आहे. ती चाळीस मिनिटं उभी होती. बारा तासांची ड्यूटी करून थेट आली होती हे नंतर कळलं. पाय सुजले होते. पण नियम एकदा मोडला की वर्ग हातातून जातो.

सोमवार, १८ मार्च

नवऱ्याला आमच्याकडे हाक मारतात तशी हाक मारून सेलिन म्हणाली, "अच्चाया, चाळीस वर्षांच्या बाईला कुणी उभं ठेवतं का?"

मी म्हटलं, "वर्गात वय नसतं."

"आणि त्या नव्या पुस्तकाचं काय?"

"माझ्या नोट्स आहेत ना."

तिच्या हातातल्या इस्त्रीचा आवाज वाढला.

शनिवार, २३ मार्च

रोसिली परीक्षेला ४ एप्रिलला बसते आहे. तिचा व्हिसा १४ जूनला संपतो. वयस्कांची काळजी घेणाऱ्यांचे व्हिसे आता वाढवून देत नाहीत. पास झाल्याचं पत्र हातात नसेल तर ती, तिचा नवरा जोमोन (तो गेल्या वर्षीच ही परीक्षा पास झाला) आणि त्यांची दहावीची मुलगी, तिघांनी चंबूगबाळं आवरून निघायचं. आणि जायचं कुठे? इथे येण्यासाठी गावचं घर विकून झालं आहे.

मी तिला म्हटलं, "नोट्समधला शब्दन् शब्द पाठ कर. बाकी माझ्यावर सोड."

ती म्हणाली, "सर, सगळं तुमच्यावरच सोडलंय."

गुरुवार, ४ एप्रिल

रोसिली नापास झाली.

तिचा फोन आला. म्हणाली, "सर, मी तुमचं नाव घालवलं."

"काय आलं होतं?"

"आठवत नाही. कुठले कुठले राजे. दगडाची हत्यारं. तुमच्या नोट्समधलं काही दिसलंच नाही, सर. मीच गोंधळले असेन."

मी म्हणालो, "तू गोंधळलीसच. घाबरलं की माणसाला पाठ असलेलंही दिसत नाही."

एवढं म्हणून फोन ठेवला. मग नोट्सची फाइल कपाटात सारली.

शुक्रवार, ५ एप्रिल

सेलिन आज उशिरा आली. म्हणाली, बाजारात गेले होते. पिशवी रिकामी होती. काही मिळालं नाही का विचारलं, तर म्हणाली, "मिळालं की." बायकांच्या बोलण्याचा अर्थ लावत बसायला माझ्याकडे वेळ नाही.

सोमवार, ८ एप्रिल

सुट्टी घेऊन लायब्ररीत गेलो. नवं पुस्तक काउंटरच्या शेजारीच मांडलेलं होतं, शोधावंही लागलं नाही. खिडकीजवळ बसलो आणि पहिल्या पानापासून वाचू लागलो.

अश्मयुग. रोमन. डेन्मार्कहून आलेले लुटारू. आठव्या हेन्रीच्या सहा बायका, नावानिशी, क्रमानिशी. लढाया, शोध, खेळाडू, सणवार. माझ्या नोट्समध्ये लंडनची लोकसंख्या आहे, घर भाड्याने कसं घ्यायचं ते आहे, मुलांनी कितव्या वर्षी घरोघर पेपर टाकावेत ते आहे. पार्लमेंटचा भाग थोडाफार जुळतो. बाकी सगळं बदललं आहे.

म्हणजे त्या बाईने रात्रपाळ्या करून, मधल्या सुट्टीत, बसमध्ये, चुलीपाशी एकशे बारा पानं पाठ केली, आणि मी तिला दुसऱ्याच परीक्षेला पाठवलं. शिबूने तोंडावर सांगितलं होतं. मी त्याच्यावर विनोद केला आणि लोक हसले म्हणून खूश झालो.

पुस्तक तिथंच ठेवून बाहेर आलो. मग परत आत जाऊन ते माझ्या नावावर घेतलं. काउंटरवरची बाई म्हणाली, "शुभेच्छा हं." कान तापले.

शनिवार, १३ एप्रिल

आज वर्गात सांगणार होतो. घरून वाक्यं ठरवून गेलो होतो. 'मित्रहो, माझी एक चूक झाली.' बस, एवढंच.

हॉलमध्ये शिरलो तर रोसिली सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या लावत होती. माझ्या टेबलावर तिने माशाच्या लोणच्याची बाटली ठेवली होती. म्हणाली, "सर, राग धरू नका. पुढच्या वेळी नाही चुकणार."

त्या बाटलीकडे बघून मी बोललो ते असं: "आज आपण भाग दोन सुरू करतोय. इतिहास."

शिबूने विचारलं, "नव्या पुस्तकातला का, सर?"

"माझ्या स्वतःच्या अभ्यासातला," मी म्हणालो.

जुन्या फाइलमध्ये नवं पुस्तक दडवून वाचून दाखवलं. चौदा जण माना खाली घालून लिहीत होते. चौपन्न वर्षांचा माणूस मी, नवी चोरी जुन्या फाइलीत घालून शिकवत होतो. लोणचं सेलिनने उघडलं. मी ते ताटात घेतलं नाही.

मंगळवार, १६ एप्रिल

लॉन्ड्रीत चादरींच्या ढिगाआड पुस्तक वाचत होतो. आश्रमातली बेरिल आजी आपली चाकाची खुर्ची ढकलत आली. एक्याण्णव वर्षांची, सगळा जन्म इथल्या कपबश्यांच्या कारखान्यात गेला. मला काय वाचतोस म्हणाली. मी तिला हेन्रीची तिसरी बायको विचारली.

"मला काय ठाऊक? माझ्या नवऱ्याच्या दुसरीचं तेवढं नाव माहीत आहे." मग जरा थांबून म्हणाली, "का रे, उत्तर नाही आलं तर मला काढतील का इथून?"

"तुम्हाला नाही," मी म्हटलं.

"मग कुणाला?"

मी ड्रायर सुरू केला.

शनिवार, २० एप्रिल

आजचं लिहायची लाज वाटते. म्हणूनच लिहितो.

वर्गात एक गंमत झाली. मी रोमन लोकांपर्यंतच आलो होतो, आणि सहज बोलता बोलता विचारलं, नॉर्मन लोक कुठल्या लढाईत जिंकले? रोसिली पटकन म्हणाली, "हेस्टिंग्ज. एक हजार सहासष्ट." मग एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "मुलीच्या शाळेत आहे, सर." असेल. तिच्या पिशवीतून खाकी कव्हर घातलेलं एक पुस्तक डोकावत होतं. प्रार्थनेचं असावं. बिचारी आता देवावरच भरवसा ठेवून असेल.

वर्ग सुटल्यावर गाड्या लावायच्या जागेत जोमोन तिला न्यायला आला होता. माझ्यासमोरच सुरू झाला. "सर, तुम्ही फुकट शिकवता, स्वतःचा शनिवार घालवता, आणि हिच्या डोक्यात नुसतं शेण. गाढवाला शिकवलं असतं तर एव्हाना पास झालं असतं. मुलीचं शिक्षण अर्धं टाकून जायचं का आम्ही हिच्यापायी?"

रोसिली पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ही बोलणार.

ती बोलली नाही. आणि मी? मी मान हलवली. 'काय करणार, प्रयत्न करू' अशी. म्हणजे हो म्हटल्यासारखंच. गाढव असेल कुणी त्या जागेत, तर ते चष्मा लावून उभं होतं.

रविवार, २१ एप्रिल

चर्चमध्ये मासच्या प्रार्थनेला गेलो. फादरसमोर पापांची कबुली द्यायच्या रांगेत उभा राहिलो आणि माझी पाळी येण्याआधी बाहेर पडलो. फादर माझ्याच वर्गातल्या लोकांबरोबर जेवतात. इथेच लिहितो. सरळ लिहितो.

लोकांना माहीत आहे ते असं: सेलिन आणि टेसी २००९ मध्ये ब्रिटिश नागरिक झाल्या, पण कुरियाकोस सरांनी भारतीय पासपोर्ट सोडला नाही. तत्त्वाचा माणूस. ज्याने एकोणीस वर्षं भारताची राज्यघटना शिकवली, तो दुसऱ्या देशाच्या राणीची शपथ कशी घेईल? मी हे इतक्यांदा सांगितलं आहे की सांगताना माझेच डोळे भरून येतात.

खरं असं की कायमचं राहण्याची परवानगी आम्हाला परीक्षेची अट येण्याआधीच मिळाली होती, आणि २००८ मध्ये नागरिकत्वासाठी सेलिन आणि मी एकाच दिवशी परीक्षेला बसलो. ती पास झाली. मी नापास झालो. अभ्यास केला नव्हता, मला काय करायचा अभ्यास? तेरा मिनिटांत पेपर संपवून, हाताची घडी घालून बसलो होतो. घरी येताना बसमध्ये मी सेलिनला म्हटलं, 'मी बसलोच नाही असं सांगायचं.' ती हो म्हणाली. पाच वर्षांत तिने एकदाही, भांडणातसुद्धा, ते तोंडातून काढलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात गावाहून परत आलो. विमानतळावर त्या दोघी त्यांच्या रांगेतून दहा मिनिटांत बाहेर. मी दुसऱ्या रांगेत दीड तास. बाहेर येऊन बघतो तर दोघी सामानावर बसलेल्या, टेसी आईच्या खांद्यावर झोपलेली. मी म्हणालो, 'तत्त्वाची किंमत मोजावी लागते.' सेलिनने माझ्याकडे बघितलं नाही. ती ट्रॉलीचं अडकलेलं चाक सोडवत राहिली.

आणि हा नापास माणूस त्यानंतर सहा महिन्यांत सेलिनच्या पुस्तकावरून नोट्स काढून वर्ग घ्यायला लागला.

शनिवार, ४ मे

प्रार्थनासभेनंतर कप्पा, म्हणजे उकडलेला टॅपिओकाचा कंद, आणि मासळीचा रस्सा होता. वाढता वाढता सेलिन सगळ्यांदेखत म्हणाली, "तीस तारखेला रोसिलीबरोबर सरही परीक्षा देतायत. दोघांची जागा मी बुक केली आहे."

माझ्या घशात काटा अडकला, तोही खरोखरचा. पाणी पिईपर्यंत लोकांनी माझी मिरवणूक काढली होती. "रोसिलीला धीर यावा म्हणून सर स्वतःचं तत्त्व सोडतायत!" जोमोनने तर वाकून माझा हात डोळ्यांना लावला. फादर म्हणाले, "मेंढपाळ असावा तर असा."

घरी आल्यावर मी सेलिनवर ओरडलो. "मला विचारलंस का?"

ती भांडी लावत म्हणाली, "पाच वर्षं विचारतेच आहे. तुम्हाला ऐकू येत नाही."

शनिवार, १८ मे

रोसिलीला आता सगळं येतं. मी अर्धं वाक्य बोललो की उरलेलं ती पुरं करते. परवापासून तर मी न शिकवलेलंही सांगते आहे. सुताच्या गिरण्या कधी आल्या, बायकांना मताचा अधिकार किती वर्षांच्या फरकाने मिळाला. मी मनात म्हटलं, शिकवण्यात अजून दम आहे आपल्या.

हे वाक्य लिहून खाडाखोड करणार होतो. राहू दे. किती मुरलेलं आहे ते दिसावं.

बुधवार, २९ मे

उद्या. परीक्षेच्या आधी मी तिला खरं सांगणार. नापास झाली तर तिला निदान कळावं की तिच्या डोक्यात शेण नाही. पास झाली तरीही कळावं. पंधरा दिवस उरले आहेत व्हिसाचे. दुसरी संधी मिळायची नाही.

सेलिनने माझा निळा शर्ट इस्त्री करून ठेवला. "फोटोचं ओळखपत्र घ्या. आणि घाई करू नका. पाऊण तास असतो, पाऊण तास बसा."

गुरुवार, ३० मे

बसमध्ये रोसिली खिडकीशी बसली होती. मी म्हटलं, "रोसिली, तुला एक सांगायचं आहे. त्या पहिल्या वेळी तू नापास झालीस ना, ते..."

तिने हात वर केला. "आत्ता नको, सर. डोक्यात सहाच्या सहा राण्या काठोकाठ भरल्यात. आणखी काही घातलं तर सांडतील."

मला हसू आलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. सांगायचं टळलं म्हणून सुटलो. अजूनही मी असाच आहे, हे मला बसमध्येच कळलं.

केंद्रात खिसे रिकामे करून घेतले, घड्याळं काढून घेतली. तिला माझ्या पुढचा संगणक मिळाला. मी सुरू केलं. सोपं होतं. अठराव्या मिनिटाला संपलं. सेलिनचं बोलणं आठवलं, पण परत तपासायचं कशाला? मी हाताची घडी घालून रोसिलीच्या पाठीकडे बघत बसलो. ती एकेका प्रश्नाशी थांबत होती. ओठ हलत होते. शेवटच्या मिनिटापर्यंत ती बसली होती.

बाहेरच्या खोलीत एकेकाचं नाव पुकारत होते. रोसिलीला सही करायला बोलावलं आणि पत्र दिलं. मला नुसता एक कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, अमुक अमुक भागांचा पुन्हा अभ्यास करावा. त्यात कारभाराचाही भाग होता. एकोणीस वर्षं तोच शिकवला होता मी.

ती आधी रडली, क्रूसाची खूण केली, मग माझ्या हाताकडे तिची नजर गेली. लगेच तिने आपलं पत्र पिशवीत सारलं, उपाशी पोरासमोर ताट झाकावं तसं. बाहेर बाकावर आम्ही शेजारी बसलो. आता पळायला जागा नव्हती. मी सगळं सांगितलं. जुनं पुस्तक, शिबू, लायब्ररी, फाइलीत दडवलेलं पुस्तक, गाड्यांच्या जागेत हलवलेली मान. २००८ सुद्धा.

ती समोरच्या कबुतरांकडे बघत होती. मग पिशवीतून तिने ते खाकी कव्हरचं पुस्तक काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "हे तुम्हाला लागेल, सर."

उघडलं. नवी आवृत्ती. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा. पहिल्या पानात दुकानाची पावती होती. तारीख ५ एप्रिल.

"म्हणजे तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"पहिला प्रश्न वाचला तेव्हाच कळलं, सर."

"मग वर्गाला का येत राहिलीस?"

"मी आले नसते तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं." तिने पिशवीची चेन लावली. "सांगावं लागलं असतं."

"जोमोन तुला एवढं बोलला. एक शब्द सांगितला असतास तर..."

"त्याची मला सवय आहे, सर. तुम्हाला नव्हती."

बस आली. ती चढली. मी पुढच्या बसने येतो म्हणालो. बराच वेळ ते पुस्तक हातात धरून बसलो. कव्हर चारी कोपऱ्यांत नीट दुमडलेलं, लेबल वरच्या कोपऱ्यात तिरकं लावलेलं. सेलिन टेसीच्या पुस्तकांना अगदी अशीच कव्हरं घालायची. आमच्याकडच्या सगळ्या बायकांना एकाच शाळेत शिकवलेलं असावं.

शनिवार, १ जून

हॉलमध्ये फुगे लावले होते. मी नापास झालो हे वर्गात रोसिलीशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. 'सरांचं पत्र पोस्टाने येणार आहे' असं रोसिलीने परस्पर सांगून ठेवलं होतं. मला अजून एक आडोसा करून दिला होता तिने.

जोमोनने नवी शाल आणली होती. सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर घातली. म्हणाला, "दगडातून मूर्ती काढली सरांनी!" टाळ्या झाल्या. रोसिली कोपऱ्यात केक कापत होती. सेलिन चहा ओतत होती. दोघींपैकी एकीनेही वर बघितलं नाही.

मी शाल काढली, घडी केली, टेबलावर ठेवली. मग बोललो. ठरवलेली वाक्यं आठवली नाहीत. म्हणालो, "रोसिली माझ्यामुळे नापास झाली आणि स्वतःमुळे पास झाली. माझ्या नोट्स जुन्या पुस्तकाच्या होत्या. मला ८ एप्रिलला कळलं आणि मी लपवलं. परवा मी नापास झालो. २००८ मध्येही झालो होतो. तत्त्व वगैरे काही नव्हतं."

ओतता ओतता चहा थांबल्याचा आवाज आला. खरंच, तोही ऐकू आला.

शिबू हळूच म्हणाला, "मी विचारलं होतं, सर."

"हो. तू विचारलं होतंस."

मग जोमोन पुढे आला. मला वाटलं हा मारणार. त्याचा आवाज उलट खाली गेला होता. "दोन महिने मी तिला गाढव म्हणतोय, सर. पोरीसमोर म्हणालोय. तुम्ही तिथं उभे होता. तुम्ही मान हलवलीत."

"हलवली."

"का?"

मी लोकांना राज्यघटनेची कलमं तोंडपाठ सांगत आलो. या एका शब्दाच्या प्रश्नासमोर मी टेबलावरच्या शालीची घडी पुन्हा सारखी करू लागलो. तो बायकोकडे वळला. तिच्या हातातली सुरी घेऊन उरलेला केक तो कापू लागला, आणि कापताना त्याचे खांदे हलत होते.

लोक लवकर गेले. बरेचसे चहा न पिता गेले. शाल टेबलावरच राहिली. सेलिनने आणि मी खुर्च्या आवरल्या. गाडीत ती म्हणाली, "जेवायला काय करू?" पाच वर्षांत तिचा आवाज एवढा मोकळा ऐकला नव्हता. आजच्या दिवशी तिला आनंद कसला झाला, मला समजलं नाही.

शनिवार, ८ जून

वर्ग नाही. दोन वाजता घड्याळाकडे बघितलं आणि लॉन्ड्रीत जादा पाळी मागून घेतली. सेलिनने फोन करून सांगितलं, रोसिलीचं काम झालं, तिघांनाही कायमचं राहण्याची परवानगी मिळाली. बेरिल आजीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आणि तुझं?"

"माझा अभ्यास चालू आहे."

शनिवार, १५ जून

सकाळी सेलिन म्हणाली, "आज दोन वाजता वर्ग आहे. रोसिली घेतेय. शिबूने तिला गळ घातली. तुमचं पुस्तक पिशवीत ठेवलंय."

मी म्हटलं, "मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

गेलो. हॉलच्या दारात पाऊल अडलं. आत नऊ जण होते. कुणी नमस्कार केला नाही. हीटरजवळची मागची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसलो. जोमोन पुढच्या रांगेत होता. त्याने वळून बघितलं आणि परत समोर बघितलं. टेबलामागे रोसिली उभी होती, ड्यूटीच्याच कपड्यांत. आवाज बारीक, पण नोट्स नाहीत, फाइल नाही. प्रत्येकाच्या हातात पुस्तक. एकाने वाचायचं, मग तिने विचारायचं. ज्याला येत नाही तो पुस्तकात बघून सांगत होता. असं मी कधी चालू दिलं नसतं.

न्यायालयांचा भाग निघाला. तिने एकेकाला विचारलं. मग माझ्यापाशी आली, जरा थांबली, आणि इतरांना विचारलं होतं त्याच आवाजात विचारलं, "सर, स्कॉटलंडमध्ये ज्यूरीत किती जण असतात?"

बारा म्हणायला मी तोंड उघडलं होतं. तीस तारखेलाही हाच प्रश्न आला होता आणि मी क्षणाचाही विचार न करता बारावर बोट ठेवलं होतं. सगळे बघत होते. शिबू. जोमोन.

"माहीत नाही," मी म्हणालो.

आणि माझा मीच उभा राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तक छातीशी धरलं, नजर खाली. कुणाच्या तरी खुर्चीचा पाय करकरला. मला वाटलं, आता चाळीस मिनिटं. होऊ दे.

"बसा, सर," रोसिली म्हणाली. "इथं बसूनच उत्तर द्यायचं."

मी बसलो. पान उघडलं. पंधरा असतात.